ग्रहण नंतर लागलं होतं, दादा

दादा,

तू गेल्याची बातमी माझ्याच हातानं जोडलेल्या लाइनवरून आली. हे तुला कळलं असतं तर तू आधी हळहळला असतास आणि लगेच विचारलं असतंस, "लाइन साफ हुती का गं?" साफ होती. खरखर अजिबात नव्हती. साताऱ्याच्या बोर्डावर बसणारी कुसुम, जिला मी आठ वर्षं नुसत्या आवाजानं ओळखते आणि एकदाही पाहिलेलं नाही, ती नेहमीसारखं "सांगली, अर्जंट घे" म्हणाली नाही. ती म्हणाली, "सुमन, बसून घे." मी बसलेलीच होते. आमच्या कामात उभं राहून काही करता येत नाही, हे तिलाही माहीत होतं. तरी म्हणाली. तेव्हाच मला कळलं.

संक्रांत आठवड्यावर होती. साताऱ्यात, तुझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात, कुणाचा तरी ट्रान्झिस्टर उघडून बसला होतास, छातीत कळ आली आणि संपलं. त्रेचाळीस हे काय जायचं वय झालं? परवा तेरावं झालं, काल मी सांगलीला परत आले. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा हे लिहिते आहे. भाऊबीजेपासून आपण बोललो नव्हतो. आता बोलते. तू मधे मधे प्रश्न विचारणार हे धरूनच चालते.

आपल्या भांडणाचा विषय माझ्या तोंडावर आहे, अक्षरशः. डाव्या डोळ्याभोवती, कपाळापासून निम्म्या गालापर्यंत, निळसर काळा डाग. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही थोडी निळी झाक आहे. पाटणकडच्या आपल्या गावात त्याला लासं म्हणायचे. कुणी जरा जास्तच मायाळू असेल तर 'खूण' म्हणायचे. मी स्वतः त्याला फारसं काही म्हणत नाही. आरशात सकाळी एकदा भेट होते, वेणी घातली की आम्ही आपापल्या कामाला लागतो.

लोकांना वाटतं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले ती तोंड लपवायला. तुलाही तसंच वाटायचं. खरं सांगू? मला त्या बोर्डाचंच वेड होतं. समोर शंभर भोकं, हातात दोऱ्या, आणि कुणाचं सुखदुःख कुणाला जोडायचं ते आपल्या हातात. हळदीचे व्यापारी दरासाठी मुंबईवर ओरडतायत, गुळाचा अडत्या कुणाला तरी चक्क खोटं सांगतोय, एखादी आई लेकीला नुसतंच "बरी हायस न्हवं?" विचारून तीन मिनिटं संपवतेय. मला ऐकायला आवडतं, दादा. ऐकू नये असा नियम आहे, म्हणून जास्तच आवडतं.

तो हळदीचा व्यापारी आठवतो का तुला? रोज कॉल लावायचा आणि माझ्या आवाजाची तारीफ करायचा. एक दिवस पेढ्यांचा पुडा घेऊन थेट एक्स्चेंजच्या दारात. "त्या गोड आवाजाच्या बाई कुठल्या?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्या न्हवं. दुसऱ्या." मी बोर्डावरच्या आवाजात म्हटलं, "नंबर प्लीज." गडी पुडा टाकून पळाला. आम्ही पोटं धरधरून हसलो आणि पेढे खाल्ले. पेढे फार चांगले होते. मी हे तुला हसवायला सांगितलं, तर तू गंभीर झालास. "सुमे, म्या कायतरी करतो," म्हणालास. कायतरी करतो! अरे, माझे पेढे खाऊन झाले होते.

तू असा का, हे मला बाराव्या वर्षीच माहीत झालं होतं. आणि मी ते तुला सांगितलं नाही. आज लिहायला बसले ते एवढं सांगण्यासाठीच, पण नीट सांगते, तुझ्या पद्धतीनं, एक एक तार सोडवत.

आपल्या घरी सांगितली जाणारी गोष्ट अशी. मी पोटात असताना ग्रहण लागलं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं नसतं, कापायचं नसतं, नाहीतर पोरावर खूण उमटते. तू सात वर्षांचा. वेध लागल्यापासून घरात कुणी खाल्लं नव्हतं, आणि तुला परसातली काकडी दिसली. तू जो भोकाड पसरलास तो थांबेना. शेवटी आईनं विळी ओढली आणि काकडी चिरून तुझ्या हातात दिली. आजी ओरडली. पुढं माझ्या तोंडावर लासं उमटलं. झालं. आल्यागेल्याला आई हीच गोष्ट सांगायची, अगदी काकडीच्या सालीसकट, आणि तू तिथंच कुठंतरी उंबऱ्यावर बसून ऐकायचास. काकडीची कोशिंबीर आपल्या घरात कधी झाली नाही. जेवायला कुणाकडे गेलो आणि पानात वाढली तर तू ती गुपचूप माझ्या पानात सरकवायचास. मला वाटायचं, माझ्यावर माया म्हणून.

आता माझी बाजू. मी सातवीत होते, तू नुकताच फौजेत भरती झाला होतास. ग्रहणाचा धडा चालला होता. गुरुजींनी दिवा, लिंबू आणि चेंडू घेऊन सावली कशी पडते ते दाखवलं. मी विचारलं, "मग ती सावली माझ्या तोंडावर कशी राहिली?" पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांनी मला घरी नेलं. त्यांचे वडील गावचं जोशीपण करायचे, त्यांच्या जुन्या पंचांगांच्या गड्ड्या माळ्यावर बांधून ठेवल्या होत्या. ज्या गुरुजींनी सगळ्या वर्गाची जन्मतारीख एक जून ठोकून दिली होती, तेच मला म्हणाले, "तुझी खरी तिथी सांग." ती मला पाठ होती. नागपंचमीचा दुसरा दिवस. झोका खेळताना कळा सुरू झाल्या असं आई सांगायची. गुरुजींनी त्या वर्षीचं पंचांग काढलं, बोट फिरवत गेले, आणि थांबले.

"सुमन, ग्रहण सर्वपित्री अमावस्येला. म्हणजे भाद्रपदात. आणि तू श्रावणातली. अगं, तू तर त्या दिवशी पाळण्यात होतीस. दीड-पावणेदोन महिन्यांची."

मी त्यांना परत मोजायला लावलं. आदल्या वर्षीचं पंचांगही काढायला लावलं, पुढचंही. मग धावत घरी गेले आणि चुलीपुढं बसलेल्या आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चकित होईल. ती भाकरी थापत राहिली. म्हणाली, "आसंल. तू जलमलीस तवा लासं फिक्कं हुतं, मागनं काळं पडलं. लोकं इचारत्यात, कायतरी सांगाया पायजे का नगं? मलाच बोल लावायची समदी, पोटात कसलं पाप हाय म्हून. ग्रहणाचं सांगितलं की गप बसत्यात."

बिचारी. तिला लोकांच्या तोंडाला लावायला एक झाकण हवं होतं. ते झाकण आपल्या पोराच्या डोक्यात बसलंय हे तिला कधी कळलंच नाही, आणि ती जाईपर्यंत मीही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात तुझं फौजेतून पहिलं पत्र आलं. आबांना नमस्कार, आईला नमस्कार, आणि खाली माझ्यासाठी वेगळं: "सुमी, इथं मोठे मोठे डॉक्टर आहेत. तुझा डाग माझ्यामुळे आहे, तो मीच घालवीन." पोस्टकार्डावर होतं ते, पोस्टमननं वाचलं असणार, सगळ्या वाटेवर सगळ्यांनी वाचलं असणार. मी उत्तर लिहायला बसले. "दादा, ग्रहण नंतर लागलं होतं" एवढंच लिहायचं होतं. लिहिलं नाही.

का नाही लिहिलं? लहान होते, विसरले, असं सांगून सुटता येईल. पण ते खोटं आहे. मला तुझी पत्रं हवी होती. मला वाटलं, डागाचं कारण संपलं तर पत्रंही संपतील. शेजारच्या पोरींचे भाऊही फौजेत होते, ते नुसतं 'खुशाल आहे' लिहायचे. माझा भाऊ दर महिन्याला माझ्यासाठी हिंदुस्थानभर काहीतरी शोधत होता. कुठल्या पोरीला आवडणार नाही? मी स्वार्थी होते, दादा. बारा वर्षांची होते तेव्हा स्वार्थी होते आणि छत्तिसाव्या वर्षीही होते.

आणि काय काय पाठवलंस! एकीकडून काळं मलम आलं, त्याला घोड्याच्या तबेल्याचा वास होता. एकीकडून कसला तरी दगड, उगाळून लावायला. एका पत्रात लिहिलंस की इकडच्या बायका हळद लावतात, करून बघ. सांगलीत राहणाऱ्या बाईला हळद शिकवतोस होय रे? आमच्या गल्लीत शिंकलं तरी पिवळं पडतं. मी सगळं लावलं आणि प्रत्येकाचा निकाल तुला कळवला. मलम: पुरळ. दगड: काही नाही. तू पुढच्या पत्रात त्या निकालांवर प्रश्न विचारायचास. किती दिवसांनी पुरळ? कडेला की मधे? तुझा हा स्वभाव मला फार आवडायचा. पश्चात्तापात माणूस रडतो, तू तपास करायचास.

बर्फाचं तर तुझंच डोकं. सरहद्दीवर तुमच्यातल्या एकाची बोटं थंडीनं पांढरी पडली, त्यावरून तू ठरवलंस की काळं घालवायला थंडीच लागते. फौज सोडून आलास त्याच वर्षी मला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलास आणि हे सांगितलंस. मला वाटलं, डॉक्टर हसतील. ते म्हणाले, "तसा उपचार आहे." त्यांनी लोखंडी नळकांड्यातून वायू सोडला, तो मऊ चामड्यात जमून खडूसारखा पांढरा झाला, आणि तो खडू त्यांनी माझ्या कानशिलापाशी, डागाच्या कडेला, आकडे मोजत दाबून धरला. मी तुझा हात धरला होता. दुखत होतं, पण मी तुझ्याकडे बघत होते, आणि तू त्या खडूतून निघणाऱ्या वाफेकडे बघत होतास. "डॉक्टर, पाणी का होत नाही याचं?" म्हणालास.

डॉक्टर भले होते. त्यांनी आधीच सांगितलं होतं की फार आशा धरू नका. "डाग निळा दिसतो म्हणजे खोल आहे," म्हणाले. "वरचा रंग काळा दिसतो, खोलातला निळा." फोड आला, खपली पडली, आणि तिथं चार आण्यांएवढा पांढरा गोल राहिला. निळ्यात पांढरा. आता लोक दोन गोष्टी विचारू लागले. तुला परत जाताना एसटी स्टँडवर रडू आलं. चांगला लष्करातून आलेला गडी, मिशा ओल्या. तेव्हा सांगायला हवं होतं मी. अगदी तोंडावर आलं होतं. पण गाडी लागली, लोक धावले, तूही धावलास, आणि मी खिडकीखाली उभी राहून हात हलवला. गाडी लागली नसती तरी सांगितलं असतं का, हे मी स्वतःला कितीदा विचारलंय.

मग आला लेसर. साताऱ्याच्या स्टँडवरच्या स्टॉलवर कुठलंसं मासिक मिळालं तुला. त्यात चार ओळी होत्या. परदेशात एक नवा उजेड निघालाय, त्यानं गोंदण आणि जन्माचे डाग घालवता येतात का हे डॉक्टर करून बघतायत. त्या चार ओळींवर तू पाच वर्षं काढलीस. पुढच्याच रविवारी मासिक, भिंग आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन माझ्या दारात हजर. ऊन डोक्यावर, आणि हा मला अंगणात बसवून समजावतोय.

"सुमे, आगं साधा दिवा म्हंजी जत्रा. जो तो आपल्या वाटंनं. आन् लेसर म्हंजी परेड. समदे एका रंगाचे, एका दिशेला, एका पावलात."

"मंग त्या परेडीला कळतं कसं, कातडं कुटलं आन् डाग कुटला?"

"ह्येच! ह्येच म्या दोन दिस इचार करत हुतो."

मग तू भिंग धरलंस. उन्हाचा ठिपका आधी कागदाच्या कोऱ्या जागेवर. काही झालं नाही. मग सरकवत सरकवत मथळ्याच्या जाड काळ्या अक्षरावर आणलास. आणलास मात्र, अक्षरातून धूर निघाला. शेजारचा पांढरा कागद तसाच. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू छपाईचा शोध तूच लावलास. "बगितलंस? काळं तेवडं उजेड खातंय. पांढरं सोडून देतंय. उजेडाला कळावं लागत न्हाई, डागालाच कळतंय." मी म्हटलं, "म्हंजी माज्या गालातनं धूर निगनार." तू म्हणालास, "त्येच तर शिकायचं हाय, किती येळ धरायचं." मग आपण दोघांनी त्या वर्तमानपत्राची सगळी पानं जाळली. कुठलं अक्षर लवकर पेटतं, निळी शाई उशिरा का, लाल का नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या मानेचं ऊन लागून सालपट निघालं. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक. तू त्या दिवशी एकदाही 'माझ्यामुळे' म्हणाला नाहीस. तुझ्या डोक्यात नुसता उजेड होता.

पण तुझं पुढं पत्रं लिहिणं सुरू झालं. मुंबईच्या इस्पितळांना, कॉलेजांना, कुणाकुणाला. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. आणि भाऊबीजेला मी तुझ्याकडे आले तर काय? मी ओवाळलं, सुपारी-अंगठीनं ओवाळलं, तुला औक्ष मागितलं. माझं मागणं कुणी ऐकलं नाही तो भाग वेगळा. आणि तू ताटात ओवाळणी म्हणून एक लांबडं पाकीट टाकलंस. साडी नाही, काही नाही, पाकीट. आतून इस्पितळाचा कागद निघाला. यंत्र अजून आपल्याकडे नाही, पण त्यांचे एक डॉक्टर परदेशी शिकायला जाणार आहेत, त्यांना अशा रुग्णांची माहिती हवी आहे, सोबतचा तक्ता भरून पाठवा. तू लहान पोरासारखा हसत होतास. "ओवाळनी कशी हाय?"

आणि माझं डोकं सणकलं. आजपर्यंत कळलं नाही का एवढं. मलम लावलं, दगड लावला, बर्फ लावला, कधी चिडले नाही. पण त्या ताटात, निरांजनाशेजारी, हळदकुंकवाशेजारी माझं तोंड ठेवल्यासारखं वाटलं मला. मी म्हटलं, "मला इचारलंस? एकदा तरी इचारलंस, सुमे, तुला घालवायचाय का डाग म्हून?" तू म्हणालास, "आगं, न घालवायला काय झालं?" मी ते पाकीट ताटातून उचललं आणि तुझ्या मांडीवर टाकलं. भावाची ओवाळणी परत करणारी मी आपल्या खानदानातली पहिली बाई असेन. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातातली करंजीची ताटली तशीच राहिली.

तू पाकीट हातात घेतलंस आणि हळूच म्हणालास, "मंग म्या काय करू, सुमे?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. चोवीस वर्षं होतं. काही करू नकोस, तू काही केलेलंच नाहीस. दोन वाक्यं. मी पिशवी उचलली आणि दुपारची गाडी पकडली.

परवा तेरावं आटोपल्यावर वहिनी म्हणाल्या, "वन्सं, दुकानात लोकांचे रेडिओ पडल्यात. ज्येचे त्येला दिऊन टाकू." आम्ही दोघी गेलो. तुझं टेबल तसंच होतं, भिंग, तारा डाखायची सळई, चिठ्ठ्या बांधलेले रेडिओ. आवाज येतो पण बोलत नाही. मधेच शिट्टी मारतो. पावसात बंद पडतो. गिऱ्हाइकाचे शब्द तू तसेच लिहून ठेवायचास. वाचता वाचता मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते आवरेना. तेव्हा तिथंच स्टुलावर बसून मी वहिनींना सगळं सांगितलं. नागपंचमी, पंचांग, पाळणा, सगळं.

वहिनी म्हणाल्या, "म्या पोटुशी हुते तवा गिरान लागलं हुतं. ह्यांनी घरातली इळी, सुरी, कातर, आडकित्ता, समदं गोळा केलं, फौजंच्या ट्रंकंत घातलं, कुलूप लावलं आन् वर बसलं. गिरान सुटंस्तवर उटलं न्हाईत. म्या म्हनलं, आवं, तुमी रेडिओ उघडून जोडनारं मानूस, तुमी बी ह्ये मानताय? तर म्हनलं, रेडिओ बिगाडला तर दुरुस्त करता येतोय."

मला वाटलं, त्या आता म्हणतील, जाऊ द्या वन्सं, झालं ते झालं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. डोळ्याला पदरही लावला नाही. म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? ज्येला सांगायचं त्यो गेला की." त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या पाया पडले. त्या माझ्याहून वर्षानं लहान आहेत.

मग त्यांनीच टेबलाचा खण ओढला. "संक्रांतीला सांगलीला जायाचं म्हनत हुते. तुमच्याकडं. ह्यो कागूद न्ह्यायचा म्हून ठिवला हुता." तोच तक्ता. मी मांडीवर फेकलेला. तू तो सरळ केला होतास आणि भरलाही होतास, फौजेतल्या इंग्रजीत, अहवाल द्यावा तसा. नाव. वय. डाग कुठं, किती बोटं लांब, किती रुंद. बर्फाचा उपचार, त्याचा निकाल. जन्मतारखेसमोर शाळेची एक जून खोडून तू नागपंचमीचा दुसरा दिवस लिहिला होतास, कारण तुला चुकीची माहिती द्यायला आवडत नाही. आणि खाली 'कारण, ठाऊक असल्यास' असं विचारलं होतं, तिथं: सर्वपित्री अमावस्येचं ग्रहण, आईनं काकडी कापली, माय मिस्टेक, एज सेव्हन इयर्स.

दोन्ही उत्तरं एकाच कागदावर, तीन बोटांच्या अंतरावर. श्रावण वर, भाद्रपद खाली. रेडिओतली हरवलेली एक तार शोधायला रात्रीचा दिवस करणारा तू, दादा, हे दोन महिने एकदाही शेजारी ठेवून पाहिले नाहीस? की स्वतःच्या गुन्ह्याचा तपास करायचा नसतो, नुसता कबूल करायचा असतो? मला खरंच जाणून घ्यायचंय. आणि मी वीसदा हातात पेन घेऊन ते तुला दाखवलं नाही, याचं उत्तर तू मागितलंस तर मी काय देणार आहे?

तक्त्याचा शेवटचा प्रश्न होता: रुग्णाची स्वतःची इच्छा आहे काय? तिथं तू इंग्रजीत काही लिहिलं नव्हतंस. पेन्सिलीनं, बारीक, गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर लिहितोस तशा मराठीत, एवढंच होतं: सुमीला विचारणे.

तू विचारायला येणार होतास. मी तुझ्यावर रुसून बसले होते आणि तू तिळगुळाबरोबर तो प्रश्न घेऊन येणार होतास.

काल घरी आल्यावर मी तो कागद पुढ्यात घेतला. 'कारण'समोरचं तुझं उत्तर शाईनं खोडलं, पुन्हा कुणाला वाचता येऊ नये असं. ते सात वर्षांच्या पोराचं उत्तर होतं. त्या पोराला भूक लागली होती, एवढाच त्याचा गुन्हा. तिथं मी लिहिलं: कारण ठाऊक नाही.

आणि मग तुझ्या पेन्सिलीच्या शेजारी माझं उत्तर. डाग जावा असं मला वाटतं का? अजून नाही वाटत. पण आता तो कुणाची चूक म्हणून माझ्या तोंडावर नाही, नुसता डाग आहे, तर त्याच्यावर तो उजेड पडला की काय होतं हे बघायची मला फार उत्सुकता आहे. वर्तमानपत्र जाळताना होती तशी. म्हणून मी लिहिलं: आधी डागाच्या कडेला, केसांलगत, एक ठिपका करून दाखवा, मग सांगते. आज ड्यूटी संपल्यावर पोस्टात टाकला.

यंत्र येईल तेव्हा येईल. पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी. बोलावलं तर मी जाईन, दादा. भीती दुखण्याची नाही. डॉक्टर घाईत असतील, आणि ते कसं चालतं हे मला नीट समजावून सांगायला तू शेजारी नसशील.

तुझी,
सुमी